कुठलीही चालेल!

मराठी माणूस मोठा चिकित्सक, असं म्हणतात. आंब्याची पेटी घेताना तो वरच्या थराला फसत नाही. हात घालून खालचा आंबा काढतो, हुंगतो, देठ बघतो आणि "कर्नाटकचा नाही ना?" असं विचारून विकणाऱ्याचा अपमान करतो. साडी घ्यायची तर चाळीस साड्या उलगडून होतात आणि शेवटी पहिलीच घेतली जाते. मुलीसाठी स्थळ बघायचं तर पगार, गाव, पत्रिका, झालंच तर मुलाच्या चुलत्याचा स्वभाव, इथपर्यंत चौकशी पोचते. हाच चिकित्सक माणूस हार्डवेअरच्या दुकानात जातो, खिशातून कागदाची पुडी काढतो, पुडीतून मोडकी स्प्रिंग काढतो आणि म्हणतो, "शेठ, अशी एक द्या. कुठलीही चालेल. जरा कडक बघा."

माझं भांडण या तीन वाक्यांशी आहे. पहिलं अपुरं आहे, दुसरं खोटं आहे आणि तिसरं धोक्याचं आहे.

भांडायचा मला अधिकार आहे. एका कारखान्याच्या तपासणी खात्यात मी एकतीस वर्षं स्प्रिंगा दाबल्या, ओढल्या आणि मोजल्या. सासुरवाडीला माझ्या साडूची ओळख "हे बँकेत मॅनेजर" अशी ठणठणीत करून दिली जाते. माझी ओळख "आणि हे... कारखान्यात" अशी मध्येच श्वास घेऊन होते. स्प्रिंगचं नाव कुणी काढत नाही. एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी खोदून विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, "स्प्रिंगा तपासतो." ते म्हणाले, "त्यात तपासायचं काय? दाबली की दबते, सोडली की उसळते!" आणि ते जिलबीकडे वळले. जिलबी मात्र त्यांनी वेटोळं न् वेटोळं न्याहाळून घेतली.

आता तुम्हीच सकाळपासून मोजा. चहासाठी गॅस पेटवता तो लायटर: आतली स्प्रिंग दबते, सुटते, एका खड्यावर हातोडी हाणते आणि ठिणगी पडते. सिलिंडरवरचा रेग्युलेटर: आत पडद्यावर स्प्रिंग बसलेली असते आणि शेगडीकडे जाणाऱ्या गॅसचा दाब किती असावा हे ती ठरवते. गॅलरीत वाळत घातलेले कपडे: चिमट्यात स्प्रिंग. स्कूटरचं स्टँड, क्लच, ब्रेक, शॉक-ॲब्सॉर्बर: स्प्रिंग, स्प्रिंग, स्प्रिंग आणि स्प्रिंग. ऑफिसात गेल्यावर काम नसेल तेव्हा आपण जे टकटक करत बसतो ते बॉलपेन: तेही स्प्रिंगच. दहा वाजेपर्यंत माणूस पंचवीसएक स्प्रिंगांच्या जिवावर जगलेला असतो आणि एकीचीही त्याने विचारपूस केलेली नसते.

गुंडाळलेल्या तारेच्या या मंडळींत तीन घराणी आहेत. दाबायच्या, ओढायच्या आणि पिळायच्या. बॉलपेनातली दाबायची, स्कूटरच्या स्टँडची ओढायची, कपड्याच्या चिमट्यातली पिळायची. हे कुणालाही दिसतं. न दिसणारी गंमत पुढेच आहे. दाबायची स्प्रिंग तुम्ही दाबता तेव्हा तिची तार दबत नाही, ती पिळली जाते. ओला पंचा दोन्ही हातांनी पिळतो ना, तशी तारेची प्रत्येक पेर पिळली जात असते. उलट चिमट्यातली ती जी पिळायची म्हणून प्रसिद्ध, तिची तार मात्र वाकत असते. म्हणजे नाव एकीचं आणि काम दुसरीचं. आमच्या कारखान्यातल्या साहेब लोकांचंही असंच होतं, पण तो विषय वेगळा.

तार पिळली जाते, हे एकदा ध्यानात आलं की "जरा कडक बघा" या वाक्याचा धोका कळतो. जाड दोरी पिळणं अवघड आणि बारीक दोरी पिळणं सोपं, हे कुणीही सांगेल. पण किती अवघड? तारेची जाडी दुप्पट केली तर स्प्रिंग दुप्पट कडक होईल असं तुम्हाला वाटेल. ती सोळापट कडक होते! जाडीचा चौथा घात लागतो इथे. दोन मिलिमीटरच्या जागी सव्वादोन नाही, नुसती दोन पूर्णांक दोन दशांश मिलिमीटरची तार घेतली, म्हणजे डोळ्याला काडीचा फरक दिसणार नाही एवढा बदल केला, तरी स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक होते. वेटोळ्याचा व्यास निम्मा केला तर कडकपणा आठपट. आणि दुकानदार काय करतो? मोडकी स्प्रिंग चिमटीत धरतो, एक डोळा मिटतो, डब्यातली दुसरी तिच्या शेजारी धरतो आणि म्हणतो, "सेम आहे, काका." चौथा घात, आणि तो एका डोळ्याने!

आता म्हणाल, कडक झाली तर बिघडलं कुठं? मजबूतच झाली की! इथेच आपली सगळी फसगत आहे. आपल्याकडे कडक हा शब्द कौतुकाचा आहे. कडक चहा, कडक शिस्त, कडक इस्त्री. पण स्प्रिंगचं कडक असणं म्हणजे तिचं चांगलं असणं नव्हे. आमच्या शेजाऱ्यांनी जाळीच्या दाराला अशीच एक "जरा कडक" स्प्रिंग बसवून आणली. दार असं मिटायला लागलं की त्यांच्याकडे येणारा प्रत्येक जण कोपराला आयोडेक्स लावून परतायचा. घरातल्या आजींना दार उघडेना, म्हणून त्या मागच्या दाराने फिरून यायच्या. शेवटी दाराला वीट लावून ते कायमचं उघडं ठेवण्यात आलं आणि डास आनंदाने राहायला आले. स्कूटरचं तेच. शॉक-ॲब्सॉर्बरची स्प्रिंग कडक केली की खड्डे नाहीसे होत नाहीत. रस्त्याने दिलेला धक्का स्प्रिंगने मध्ये ठेवून घ्यायचा असतो, तो ती जशाचा तसा तुमच्या मणक्याकडे पाठवून देते. नगरपालिकेचा खड्डा थेट हाडवैद्यापर्यंत पोचतो, तो असा.

दुसरा प्रकार याहून वाईट. स्प्रिंग जरा लांब वाटली की मेकॅनिक म्हणतो, "एक वेटोळं कापतो, बसेल." कापल्याने स्प्रिंग नुसती आखूड होते असा त्याचा समज. प्रत्यक्षात ती कडकही होते. दहा वेटोळ्यांचं काम आठांवर आलं की कडकपणा पंचवीस टक्के वाढतो. त्यात प्रत्येक वेटोळ्याला पूर्वीपेक्षा जास्त पिळून घ्यावं लागतं, म्हणजे आयुष्य घटतं. शिवाय आखूड झाल्यामुळे जागेवर बसल्यावर सुरुवातीचा दाबच तिला मिळत नाही. म्हणजे हवी तेव्हा ढिली, नको तेव्हा कडक. आणि कारखान्यात टोकाची वेटोळी मिटवून, घासून सपाट केलेली असतात, ती काय हौस म्हणून? तिने सरळ उभं राहावं म्हणून. कापलेली स्प्रिंग एका पायावर उभी राहिल्यासारखी तिरकी उभी राहते आणि तिरकीच दबते.

तिसरा कलाकार स्प्रिंग ओढून लांब करतो. "बघा, नवी झाली!" स्प्रिंगचा सगळा धर्म एवढाच की मर्यादेत राहून वाकवाल तेवढं वाकेन आणि परत येईन. ती मर्यादा ओलांडून ओढली म्हणून तर ती लांब राहिली. म्हणजे तिचा धर्म मोडल्याची खूण आपण तिच्या तारुण्याची खूण समजतो. चार दिवसांत ती पुन्हा बसते आणि मेकॅनिक म्हणतो, "हल्ली मटेरियलच तसं येतं."

मटेरियलचंही एकदा सांगून टाकतो. "चांगल्या पोलादाची द्या, म्हणजे कडक राहील," असं सुशिक्षित लोकही म्हणतात. कडकपणा तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेटोळ्यांच्या संख्येवर ठरतो. पोलाद साधं घ्या की भारी घ्या, त्याने कडकपणात जवळपास फरक पडत नाही. महागडी क्रोम-सिलिकॉनची तार आणि साधी कार्बन पोलादाची तार यांच्या एकाच मापाच्या स्प्रिंगा केल्या तर हाताला दोन्ही सारख्याच लागतील. स्टेनलेसची तर दहा-बारा टक्के मऊच निघेल. मग भारी पोलादाचे पैसे कशाला मोजायचे? ते सोसण्याचे. किती पिळल्यावर ती कायमची बसेल, किती लाख वेळा दबल्यावर तुटेल, किती उष्णतेत दम सोडेल, हे पोलाद ठरवतं. बळ आणि बाणा यांत फरक आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि चकाकीला तर मुळीच भुलू नका. लोखंडी स्प्रिंगला जस्ताचा मुलामा देतात, तो गंजू नये म्हणून, हेतू चांगला. पण त्या आम्लाच्या आणि मुलाम्याच्या टाक्यांत हायड्रोजन पोलादात शिरतो. मुलाम्यानंतर वेळेवर भट्टीत काही तास तापवून तो बाहेर काढला नाही, तर स्प्रिंग काहीही काम न करता, नुसती ताणाखाली बसल्या बसल्या एक दिवस तुटते. मोडकी स्प्रिंग हाती आली तर वेटोळ्याची आतली बाजू बघा. बाहेरून ती सुखी दिसते. सगळ्यात जास्त ताण आतल्या बाजूला असतो आणि तडा बहुतेक तिथूनच जायला लागतो. एवढं वाचून कुणाला घरातल्या एखाद्या माणसाची आठवण झाली तर त्याला मी जबाबदार नाही.

ज्या नियमावर हे सगळं उभं आहे तो शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज गृहस्थाने तो शोधला: दुप्पट ओढाल तर दुप्पट जोर लागेल, तिप्पट ओढाल तर तिप्पट. पण दुसरा कुणी श्रेय लाटील अशी त्याला एवढी धास्ती की १६७६ साली त्याने त्या लॅटिन वाक्यातली अक्षरं वर्णानुक्रमे लावून नुसतं कोडं छापलं, आणि उत्तर सांगितलं १६७८ साली. दोन वर्षं जगासमोर स्प्रिंगचा नियम उघडा पडला होता आणि कुणालाही तो वाचता येत नव्हता. आज तो पाठ्यपुस्तकात सरळ भाषेत आहे, तरी परिस्थिती तीच आहे.

मग स्प्रिंग निवडायची कशी? अहो, स्थळ बघतो तशी! आपल्याला प्रश्न विचारता येत नाहीत असं थोडंच आहे? पाच प्रश्न पुरतात. पहिला, भार किती, आणि तो किती लांबीवर असताना? नुसतं "किलोभर दाब पाहिजे" याला अर्थ नाही. जागेवर बसल्यावर किती आणि पूर्ण दबल्यावर किती, हे दोन्ही आकडे हवेत. दुसरा, हालचाल किती? दबता दबता वेटोळी एकमेकांना टेकली की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाची नळी होते. तिसरा, किती वेळा? खोलीच्या कडीतली स्प्रिंग दिवसातून दहा वेळा दबेल. मोटारीच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग, इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर, तासाला नव्वद हजार वेळा दबते. दोघींना एकाच डब्यात ठेवणाऱ्या दुकानदाराला काय म्हणावं? चौथा, राहणार कुठे? कोकणच्या खाऱ्या हवेत असेल तर स्टेनलेस बघा, विजेचा प्रवाह न्यायचा असेल तर फॉस्फर ब्राँझ बघा, उष्णतेत असेल तर साधी तार घेऊ नका. पाचवा, जागा किती? स्प्रिंग दबली की किंचित फुगते, म्हणून भोकात अगदी घट्ट बसणारी घेऊ नये. आणि रुंदीच्या चौपटीहून जास्त उंच असली तर दाबताना कमरेत वाकते. तिला आतून दांडा नाहीतर बाहेरून नळी, असा काहीतरी आधार लागतो. या पाच प्रश्नांच्या हिशोबासाठी आपल्या भारतीय मानक ब्युरोचं आयएस ७९०६ नावाचं आख्खं मानक आहे. "कुठलीही चालेल" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, बॉलपेन आणि जाळीचं दार यांच्यासाठी एवढा आरडाओरडा कशाला? तर आमच्या सोसायटीची मीटिंग सांगतो.

आमची इमारत सहा मजल्यांची. लिफ्टची निगा राखणारा माणूस तपासणी करून गेला आणि लिहून गेला की ब्रेकच्या दोन्ही स्प्रिंगा बदलायला हव्यात. अस्सल जोडीची किंमत अडीच हजार. खजिनदारांनी ताबडतोब जुन्या बाजारात चौकशी केली आणि मीटिंगमध्ये टाळ्यांच्या अपेक्षेने जाहीर केलं, "साडेतीनशेत जोडी मिळतेय. अगदी तश्शीच! उलट जरा कडकच आहे."

मी उभा राहिलो. आमच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो की लोक चहा आला का बघतात. तरी मी बोललो. म्हटलं, लिफ्ट थांबवते कोण, ठाऊक आहे का? वीज नव्हे! वीज लावली की लोहचुंबक ब्रेकचे जबडे उघडे धरतं. वीज गेली, तार तुटली, काहीही झालं, की चुंबक सोडतं आणि स्प्रिंगा जबडे मिटतात. सगळे झोपलेले असताना जागी असते ती स्प्रिंग. ती ढिली पडली तर लिफ्ट घसरेल. आणि घसरेल म्हणजे खालीच येईल असं नाही. पलीकडचं वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं, त्यामुळे एकटा माणूस आत असेल तर तो वरसुद्धा जाईल. "वर" हा शब्द मी मुद्दाम सावकाश उच्चारला.

"पण ही तर कडक आहे!" खजिनदार म्हणाले.

"कडक असेल तर चुंबकाला जबडे पुरते उघडता येणार नाहीत," मी म्हटलं. "ब्रेक घासत राहील, तापेल, अस्तर झिजेल. आज हजार-दोन हजार वाचतील आणि सहा महिन्यांनी थांबायच्या वेळी थांबायला अस्तर उरणार नाही. तिथे ओढायच्या नाहीत, दाबायच्या स्प्रिंगा बसवतात, त्यालाही कारण आहे. ओढायची तुटली की हात सोडून देते. दाबायची तुटली तरी तुकडे जागेवर राहून थोडाफार दाब देत राहतात. एवढा विचार करून कुणीतरी ती निवडलीय हो! आणि आपण ती किलोच्या भावाने आणायची?"

"तुम्ही उगाच घाबरवता, काका," सेक्रेटरी म्हणाले. ते माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. "तारेला तार असते शेवटी."

मग मी त्यांना एलिशा ओटिसची गोष्ट सांगितली. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हा माणूस एका उघड्या पाळण्यावर उभा राहिला, पाळणा उंच चढवला आणि गर्दीच्या देखत वरचा दोर कापायला लावला. पाळणा जरासा खचला आणि जागच्या जागी अडकला. त्याने वर बसवलेला होता गाडीच्या पाट्यांचा स्प्रिंग-पट्टा. दोराचा ताण होता तोवर तो वाकलेला होता. दोर तुटताच सुटला आणि दोन्ही बाजूंच्या दातऱ्यांत अडकला. माणसं लिफ्टमध्ये बसायला लागली ती त्यानंतर. सहा मजले काय, साठ मजले काय, उंच इमारती या एका स्प्रिंगवरच्या विश्वासाने उभ्या आहेत.

सभा जरा शांत झाली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आमची ही उठली. माझी स्प्रिंगवरची भाषणं तिने संसारभर ऐकलेली आहेत, त्यामुळे ती विरुद्ध बाजूने बोलणार याबद्दल मला शंका नव्हती. ती म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. पण तो जो कोण ओटिस, तो स्वतः पाळण्यावर उभा राहिला, दुसऱ्याला नाही उभं केलं. तर साडेतीनशेची जोडी आणायला माझी हरकत नाही. पहिला महिनाभर लिफ्टमधून फक्त कमिटीने ये-जा करावी."

अडीच हजारांची जोडी एकमताने मंजूर झाली. इतिवृत्तात "चर्चेअंती" असं लिहिलंय.

तेव्हा वाचकहो, दुकानात जाल तेव्हा मोडकी स्प्रिंग एकटी नेऊ नका, जमलं तर ती जिथे बसते ती वस्तूच घेऊन जा. तार मापाने मोजायला सांगा, डोळ्याने नाही. "कडक" हा शब्द घरी ठेवून जा. कापू देऊ नका, ओढू देऊ नका. आणि ब्रेक, लिफ्ट, गॅस यांच्यापैकी काही असेल तर तशीच दिसणारी नको, तीच हवी, असं सांगून दुकानातून बाहेर पडा. दुकानदार तुम्हाला चक्रम म्हणेल. मला गेली एकतीस वर्षं म्हणतात, सवय होते.

चौथ्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे जिना चढू शकत नाहीत, लिफ्ट हाच त्यांचा रस्ता. मीटिंगपासून त्या मला खाली भेटल्या की थांबतात आणि नातेवाइकांची ख्यालीखुशाली विचारावी तशा सुरात विचारतात, "काय हो, आपल्या स्प्रिंगा बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत, आजी," मी सांगतो. एवढ्या वर्षांत त्यांची चौकशी करणारं हे पहिलंच माणूस.